फुटलेला घट आणि उघडे दार

'घटस्फोट' हा शब्द आज आपण पतिपत्नींच्या कायदेशीर विभक्तीपुरता वापरतो. धर्मशास्त्रात त्याचा अर्थ याहून निराळा आणि याहून कठोर आहे. महापातक करून प्रायश्चित्त न घेणाऱ्या मनुष्यास कुळातून तोडावयाचे, त्याचा विधि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितला आहे. निंद्य दिवशी, सायंकाळी, गावाबाहेर त्याचे सपिंड व बांधव जमतात आणि जिवंत माणसास मृताप्रमाणे उदक देतात. दासी पाण्याने भरलेला घट पायाने उलथून टाकते. एक अहोरात्र सुतक पाळले जाते. त्यानंतर त्याच्याशी बोलणे नाही, त्याच्याजवळ बसणे नाही, त्यास दायभाग नाही. मनुष्य जिवंत असतो, नाते तेवढे मरते.

पण त्याच अध्यायात, अवघ्या दोनचार श्लोकांनंतर, दुसराही एक विधि आहे आणि त्याची आठवण आपल्या घरांत क्वचितच निघते. त्या मनुष्याने प्रायश्चित्त केले, तर त्याच बांधवांनी त्याच्याबरोबर पुण्य जलाशयात स्नान करावे, पाण्याने भरलेला नवा घट त्या जलात टाकावा, आणि मग त्याने आपल्या घरात प्रवेश करून पूर्ववत् सर्व ज्ञातिकार्ये करावी. एवढेच नव्हे, तर शुद्ध झालेल्याची पुन्हा कधीही जुगुप्सा करू नये, असे स्मृतिकाराने वर बजावले आहे. घट फोडण्याचा विधि समाजाने फार मन लावून सांभाळला. घट पाण्यात सोडण्याचा विधि मात्र पोथीतच राहिला, असे आम्हांस वाटते.

ज्यू लोकांतही अशीच एक रूढि होती. वाडवडिलांचे शेत विकून टाकणाऱ्याचे नातलग भाजलेले धान्य व कठीण कवचाची फळे यांनी भरलेली मडकी मुलांसमोर फोडीत, आणि अमुक अमुक आपल्या वतनातून तुटला, असे मुले ओरडत. शेत परत मिळाले म्हणजे तोच विधि पुन्हा होई आणि अमुक अमुक आपल्या वतनात परत आला, असा पुकारा होई. तालमूद ग्रंथात याचे वर्णन आहे. दोन दूरदूरच्या समाजांनी तोडण्यासाठी आणि जोडण्यासाठी मडकेच निवडावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मातीचे भांडे फुटले की सांधता येत नाही, नवेच घ्यावे लागते.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची कथा वाचावी. विश्वास, इच्छास्वातंत्र्य आणि देवाची क्षमा या तीन विषयांवर ख्रिस्ती पंडितांनी ग्रंथांचे डोंगर रचले आहेत. परंतु येशूने स्वतः या तिन्हींचे उत्तर एका एकत्र कुटुंबाच्या गोष्टीत दिले आहे, आणि एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या वाचकांस ती समजण्यास कोणत्याही भाष्याची गरज पडू नये.

एका गृहस्थास दोन पुत्र होते. धाकट्याने बाप जिवंत असताच आपली वाटणी मागितली. मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच असतो, म्हणून हे मागणे आपल्या कानांस तितके खटकत नाही. ज्यूंच्या व्यवहारात बापाच्या हयातीत वाटा मागणे म्हणजे तुम्ही आमच्या लेखी मेलात, असे सांगण्यासारखेच होते. बापाने वाद न घालता वाटा दिला. मुलगा परमुलखी गेला, पैसा उधळला, पुढे दुष्काळ पडला, आणि शेवटी डुकरे राखण्याचे काम त्याच्या वाट्यास आले. सोवळेओवळे कडकपणे पाळणाऱ्या ज्यू कुळातील मुलास याहून मोठा विटाळ नव्हता. पोटात कावळे कोकलू लागले तेव्हा तो शुद्धीवर आला व म्हणाला की, बापाघरी जावे आणि मला पुत्र न म्हणता मजूर म्हणून ठेवा अशी विनवणी करावी. तो निघाला. तो दूर असतानाच बापाने त्यास पाहिले आणि म्हातारा धावत सुटला. काही भाष्यकार म्हणतात की गावाने मडके फोडण्यापूर्वी मुलास गाठावे, म्हणून बाप धावला. कथेत तसे लिहिलेले नाही, पण गावकी ज्याने पाहिली आहे त्यास हा तर्क अगदीच दूरचा वाटणार नाही.

येथे पुष्कळांच्या तोंडी नेहमी येणारा प्रश्न उभा राहतो. पश्चात्ताप केला की देव क्षमा करतो, असे ख्रिस्ती लोक म्हणतात. तर मग पाप करण्यास मोकळीकच मिळाली नाही काय? कर्माचा नियम न्याय्य आहे, जो करील तो भोगील. क्षमेने हा न्याय मोडत नाही काय?

हा आक्षेप आजचा नाही आणि त्यावर आमच्याच एका विद्वानाने आयुष्य वेचले आहे. इ. स. १८३९ मध्ये जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत श्लोकबद्ध ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचे मंडन केले. त्यास तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांपैकी एक होते काशीस राहणारे कोकणस्थ ब्राह्मण नीलकंठशास्त्री गोऱ्हे. ऐन तारुण्यात त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. जन्मतःच एक सुखी व एक दुःखी का, याचे उत्तर पूर्वकर्मावाचून मिळत नाही, आणि मर्यादित आयुष्यातील पापास अनंतकाळची शिक्षा देणे न्यायास धरून नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १८४८ मध्ये हेच नीलकंठशास्त्री जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. १८६० मध्ये त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' लिहून आपल्याच पूर्वीच्या दर्शनांचे खंडन केले. तरीही १८९५ साली मृत्यु येईपर्यंत शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही, असे त्यांचे चरित्र सांगते. ज्याने दोन्ही बाजूंनी वाद लढविला त्यासही हा प्रश्न सोपा वाटला नाही. म्हणून आपणही तो एका वाक्यात उडवून देऊ नये.

कथेकडे पुन्हा पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. बापाने मुलास मिठी मारली, उंची अंगरखा, अंगठी आणि जोडे दिले, घरात मेजवानी केली. परंतु उधळलेला पैसा परत आला, असे कोठेही म्हटलेले नाही. उलट थोरल्या मुलास बाप स्पष्ट सांगतो की माझे जे आहे ते सर्व तुझेच आहे. म्हणजे वाटणी कायम राहिली. धाकट्याचे शेत गेले ते गेले, परमुलखातील वर्षे गेली ती गेली, दुष्काळात सुकलेले शरीर एका रात्रीत भरून आले नाही. कर्माचे फळ त्यास मिळाले, आणि पुढेही मिळत राहिले असेल. क्षमेने त्याच्या कर्माचा हिशेब पुसला नाही. त्या कर्मामुळे बाप आणि मुलगा यांच्यामध्ये जो दुरावा उभा राहिला होता तो तेवढा पुसला. फळ आणि दुरावा या दोन वस्तू भिन्न आहेत. आम्हांस वाटते, कर्मवादी आणि क्षमावादी यांचा पुष्कळसा वाद या दोहोंना एक समजल्यामुळे होतो. चोरी केली तर बंदिवास भोगावा लागेल. पण बंदिवास भोगून आलेल्या मुलास आई जेवावयास वाढील की नाही, हा प्रश्न न्यायाधीशाच्या कक्षेत येत नाही.

क्षमेच्या जोरावर पाप करावे, या युक्तिवादास ख्रिस्ती परंपरेतही थारा नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हाच आक्षेप स्वतः मांडून त्याचा धिक्कार केला आहे. विसाव्या शतकात जर्मनीतील दीत्रिख बोनहॉफर या पाद्रीने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'स्वस्त कृपा' असा शब्द योजून तिच्यावर कोरडे ओढले. पश्चात्तापावाचून क्षमा आणि त्यागावाचून शिष्यत्व, ही त्याच्या मते स्वस्त कृपेची लक्षणे होत. हिटलरच्या राजवटीने त्यास एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिली. कृपा किती महाग पडते हे त्याने केवळ लिहिले नाही, भोगलेही.

आता इच्छास्वातंत्र्याकडे वळू. मनुष्य देवाकडे आपल्या पायांनी जातो, की देवच त्यास उचलून नेतो? पाचव्या शतकात पेलेगियस नावाचा संन्यासी म्हणाला की मनुष्याच्या इच्छेत सत्कर्म करण्याचे पुरेसे बळ आहे. ऑगस्टीनने उत्तर दिले की, पतित झालेल्या इच्छेस कृपेवाचून हालताही येत नाही. ४१८ साली कार्थेजच्या सभेने पेलेगियसचे मत त्याज्य ठरविले, पण वाद संपला नाही. १५२४ मध्ये इरॅस्मसने स्वतंत्र इच्छेचा पक्ष घेतला, आणि पुढच्याच वर्षी ल्यूथरने इच्छा ही बद्धच आहे असे ठासून सांगितले. कॅल्विनच्या अनुयायांनी १६१८–१९ मध्ये डॉर्टच्या सभेत ईश्वरी निवडीचा सिद्धान्त पक्का केला. हा वाद सातासमुद्रांपलीकडचा म्हणून सोडून द्यावा तर तेही शक्य नाही. इ. स. १८५२ मध्ये रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी आमच्या करवीरनगरीत आले. त्यांचे मिशन पुढे प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले, आणि तो पंथ कॅल्विनच्याच परंपरेतील आहे. येथील वायल्डर मेमोरियल चर्च त्यांचे नाव धारण करून आहे. अंबाबाईच्या नगरीत हा प्रश्न येऊन पोहोचला त्यास पावणेदोनशे वर्षे होत आली.

परंतु हा प्रश्न आमच्या देशास नवा होता असेही नाही. रामानुजाचार्यांच्या अनुयायांत दोन पक्ष पडले, त्यांचे दृष्टांत प्रसिद्ध आहेत. माकडाचे पिलू आईच्या पोटास स्वतः घट्ट बिलगते, म्हणून ते वाचते, हा मर्कटकिशोरन्याय. मांजराचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्यास मानेला धरून उचलते, हा मार्जारकिशोरन्याय. पेलेगियस माकडाच्याही पलीकडे गेला आणि ल्यूथर मांजराच्या पक्षास मिळाला, असे विनोदाने म्हणता येईल. कर्मवादी म्हणविणाऱ्या आमच्या शास्त्रांतही दैव एकटे पुरत नाही. एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषकारावाचून दैव सिद्धीस जात नाही, असे याज्ञवल्क्याने सांगितले आहे.

कथेतील मुलगा माकडाचे पिलू की मांजराचे? तो स्वतः उठला आणि स्वतः चालू लागला. बापाने त्यास आणण्यासाठी माणसे पाठविली नाहीत, पैसा संपेल अशी भीती घालून जाताना अडविले नाही, दाराला कुलूपही घातले नाही. इतके स्वातंत्र्य दिले की त्यात स्वतःचा अपमान आणि मुलाचा नाश दोन्ही सामावले. मात्र परतीच्या वाटेवर शेवटचे अंतर मुलाने तोडले नाही, ते बापाने धावून तोडले. आणि मुलगा आला तो दार बंद नसेल या भरवशावर. तो भरवसा बापाच्या पूर्वीच्या वागण्यानेच त्याच्या मनात रुजला होता. तेव्हा चालणे मुलाचे, पण चालण्याचे बळ बापाचे. ज्या वादास पंडितांनी हजार वर्षे दिली, त्याचे कथेतील उत्तर असे साधे आहे की, प्रीतीने मोकळे सोडलेलाच परत येऊ शकतो. डांबून ठेवलेला परत येत नाही, तो फक्त राहतो.

या भरवशालाच ख्रिस्ती लोक 'विश्वास' म्हणतात. आमचा जुना शब्द 'श्रद्धा'. निघंटूत 'श्रत्' हे सत्याचे नाव सांगितले आहे, आणि लॅटिन भाषेतील विश्वासवाचक 'क्रेदो' हा शब्द त्याच मुळापासून निघाला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. धाकट्या मुलाने घराकडे निघताना जे भाषण मनात जुळविले होते ते पाहावे. मला मजूर म्हणून ठेवा, असे त्यास म्हणावयाचे होते. म्हणजे बाप दार उघडील इतका त्यास विश्वास होता, पण पुत्र म्हणून घेईल इतका नव्हता. मजुरी करून देणे फेडण्याचा त्याचा विचार होता. बापाने ते वाक्य पुरे होऊच दिले नाही. आपण देवापुढे मजूर म्हणून उभे आहोत की अपत्य म्हणून, या प्रश्नाच्या उत्तरात विश्वासाचे सारे तत्त्व साठविलेले आहे.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा भेद स्पष्ट दिसतो. १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण लगेच तेथील धर्मभगिनींशी त्यांचा पत्रव्यवहारातून वाद सुरू झाला. आपल्या सद्विवेकास जे पटेल तेच आपण मानू, एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून काढल्यावर दुसऱ्याचे घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. नवा धर्म त्यांनी स्वेच्छेने स्वीकारला होता, म्हणून त्या धर्मातही स्वेच्छा सोडण्यास त्या तयार झाल्या नाहीत. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो सापडला नव्हता, हे नंतर कळले. मते पटणे निराळे आणि भरवसा टाकणे निराळे. या भरवशाचे बाह्य रूप पाहावयाचे असेल तर केडगावच्या मुक्तिसदनातील 'कृपासदना'कडे पाहावे. पतित म्हणून ज्या स्त्रियांचे घट घरोघर फुटले होते, त्यांच्यासाठी ते दार होते. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, तोपर्यंत त्यांनी मूळ भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतरही पुरे करीत आणले होते. ते १९२४ मध्ये छापून प्रसिद्ध झाले.

येथवर आपण क्षमा मागणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा विचार केला. क्षमा करणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा विचार आपल्या घरांत फारसा होत नाही, आणि तेथेच खरी मेख आहे. एकत्र कुटुंबात तंटा झाला म्हणजे वडील मंडळी मध्ये पडतात आणि बहुधा घरातील सुनेस किंवा धाकट्या भावास सांगतात की मोठ्या मनाने क्षमा कर. अशा आज्ञेने घरात शांतता नांदते खरी, पण तिला क्षमा म्हणता येत नाही. नुकसान ज्याचे झाले त्यानेच ती द्यावयाची असते. तिऱ्हाइताने दुसऱ्याच्या तिजोरीतून दान करण्यात पुण्य नाही. कथेत क्षमा करणारा बाप आहे, कारण अपमान बापाचा झाला होता आणि धावण्याची लाजही त्यानेच सोसली.

याचे उदाहरण आपल्याच साहित्यात आहे. कवि नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पतीच्या श्रद्धेचे स्वातंत्र्य त्यांस नवराअसून एकटेपण देऊन गेले. चारपाच वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) टिळकांकडे आल्या, पण आल्याबरोबर ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपले सोवळे सांभाळून राहिल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतःशी केला, आणि त्या विचाराचा निकाल लागल्यावरच, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा धर्म तो आपला, असे म्हणून त्या गेल्या असत्या तर समाजाने ते समजून घेतले असते, कारण पतिव्रतेचा तो मार्ग सर्वांच्या ओळखीचा होता. त्यांनी तो धरला नाही. पुढे १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी या वर्षांची हकीकत लिहिली. सोसलेले दुःख त्यांनी लपविले नाही, पतीचा विक्षिप्तपणाही झाकला नाही, आणि तरीही त्या लिखाणात कोठे विष नाही. हिशेब सारा लक्षात आहे, दुरावा मात्र उरलेला नाही. क्षमा म्हणजे विसरणे, अशी समजूत असणाऱ्यांनी ते पुस्तक एकदा या दृष्टीने वाचून पाहावे. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते. ते पुढे नेण्याचे काम याच लक्ष्मीबाईंनी हाती घेतले.

आता कथेतील थोरल्या मुलाकडे येऊ. तो शेतावरून परतला, घरातून वाद्यांचा आवाज ऐकला, आणि रागावून अंगणातच उभा राहिला. इतकी वर्षे राबलो, कधी आज्ञा मोडली नाही, मित्रांसाठी एक करडूही मिळाले नाही, असे त्याने बापास ऐकविले. त्याचा एक शब्द खोटा नव्हता. पण भाषा कोणाची? मजुराची. वर्षे मोजलेली, मेहनत मोजलेली, मोबदला मोजलेला. धाकटा मजूर होण्यास तयार झाला होता, थोरला घरात राहूनही मजूरच झाला होता. आणखी असे की धाकट्यास तो 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. त्याच्या पुरता घट फुटलेलाच होता. बाप जसा धाकट्यासाठी बाहेर धावला तसा थोरल्यासाठीही मेजवानी सोडून बाहेर आला, आणि बोलता बोलता त्याने तो शब्द फिरविला. तो तुझा भाऊ आहे, अशी त्यास आठवण दिली.

महाराष्ट्राने हा थोरला मुलगा एकदा भर बाजारात पाहिला आहे. १८४३ मध्ये मुंबईस नारायण शेषाद्री या विद्यार्थ्याने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. तो अज्ञान असल्यामुळे न्यायालयाने त्यास बापाच्या हवाली केले. बाप मुलास घरी आणण्यास उत्सुक होता. पण मुलाने परधर्मीयांच्या घरी अन्न घेतलेले, म्हणून सनातनी मंडळी अंगणात अडून बसली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देववून मुलास परत घ्यावे असा पक्ष घेतला आणि त्याबद्दल त्यांच्यावरच रोष ओढवला. शास्त्र बाळशास्त्र्यांच्या हाती होते. नव्या घटाचा विधि मनूनेच लिहून ठेवला होता. अडले ते शास्त्रापाशी नाही, थोरल्या भावांच्या मनापाशी. थोरला भाऊ नारायण पुढे जालन्याकडे गेला, तेथे त्याने बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. एक भाऊ परत आला नाही, आणि दुसरा आला तेव्हा घरातील दिवा लावण्यापूर्वी शेजाऱ्यांची परवानगी घ्यावी लागली.

त्यानंतर काळ बदलला. धर्म सोडल्यामुळे किंवा जात गेल्यामुळे वारसाहक्क बुडत नाही, असे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ठरले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारालाच गुन्हा ठरविणारा कायदा मंजूर केला. आज कोणी गावाबाहेर घट उलथील तर त्यास जाब द्यावा लागेल. परंतु कायद्याने मिळकतीतील वाटा मिळतो, मेजवानीतील पान मिळत नाही. अजूनही कितीतरी घरांत एखादे नाव असे असते की गौरी-गणपतीच्या दिवसांतही त्याचा उच्चार होत नाही. कोणी परजातीत लग्न केले म्हणून, कोणी धर्म बदलला म्हणून, कोणी वाटणीसाठी कोर्टात गेला म्हणून, कोणी पैसा बुडविला म्हणून. अपराध खरा असेल, नुकसानही खरे असेल. जे देणे आहे ते देणेच राहील. प्रश्न इतकाच की देणे आणि दुरावा यांची एकच वही ठेवावी काय?

दुसऱ्या धर्माचे चिंतन वाचून आपला धर्म सोडावा लागतो, असे आम्ही मानीत नाही. पुष्कळदा आपल्याच पोथीतील न वाचलेले पान त्यामुळे उघडते. ख्रिस्ती कथेतील धावणारा बाप पाहिला म्हणून आम्हांस मनुस्मृतीतील नवा घट दिसला, आणि शुद्ध झालेल्याची जुगुप्सा करू नये ही आज्ञाही दिसली. दोहोंत भेद आहे हे खरे. स्मृतीत प्रायश्चित्त आधी आणि घट मागाहून येतो, कथेत मिठी आधी आणि मुलाचे बोलणे मागाहून. या क्रमात ख्रिस्ती धर्माचे वैशिष्ट्य साठविले आहे असे त्या धर्माचे लोक म्हणतात, आणि ते म्हणणे विचारार्ह आहे. पण दार उघडे असावे, याविषयी दोन्ही ग्रंथांत मतभेद नाही.

कथेच्या शेवटी थोरला मुलगा घरात गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. बाप विनवीत आहे, आत दिवे लागले आहेत, पाने मांडली आहेत, आणि तो अंगणात उभा आहे. धाकट्यास जाण्याचे स्वातंत्र्य होते, तसे थोरल्यास आत न येण्याचे स्वातंत्र्य आहे. देवही ते हिरावून घेत नाही. आपल्यापैकी घर न सोडलेले, नेमाने राबलेले, आज्ञा न मोडलेले असेच बहुतेक आहेत. म्हणून ही कथा वाचताना आपण कोठे उभे आहोत, हे ओळखण्यास वाचकांस फार विचार करावा लागेल, असे आम्हांस वाटत नाही.